शाळेतही चावडी वाचन हवे



"संगणक चुकला" हे वाक्य हल्ली आपल्या कानांवर वारंवार पडते. शिष्यवृत्ती खात्यात आली नाही, संगणक चुकला. निकालपत्रावर आईचे नाव वेगळेच छापले, संगणक चुकला. सातबाऱ्यावर आजोबांच्या जागी दुसऱ्याच कुणाचे नाव लागले, तेथेही संगणकच चुकला! असे म्हटले की खिडकीच्या आतल्या माणसाचेही काम होते आणि बाहेरच्या माणसाचेही. कारण बिचारा संगणक उलटून बोलत नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. आमच्या प्रयोगशाळेत यंत्राला दोष देण्याआधी मापन कसे केले ते तपासायची रीत आहे. स्क्रू-गेजमध्ये शून्यांक दोष असेल, तर तारेची जाडी तुम्ही शंभर वेळा मोजा. शंभरही वेळा तेच चुकीचे उत्तर येईल, आणि तेसुद्धा मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नेटकेपणाने लिहिलेले! संगणकातील नोंदींचे असेच आहे. आत जे गेले तेच तो बाहेर देतो, सुबक अक्षरात आणि पुन्हा पुन्हा. म्हणून माझे मत असे की, नोंद संगणकावर आहे एवढ्यासाठी तिच्यावर विश्वास ठेवू नये. ती तपासता येते का, तिच्यात कोणी कधी बदल केला याचा माग लागतो का आणि ती नाहीशी झाली तर परत आणता येते का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. हे प्रश्न विचारायची सवय शाळेतच लागली पाहिजे, आणि त्यासाठी काय करता येईल हे या लेखात सांगणार आहे.

माहितीची कोठी आणि कोठावळा

शिस्तीने मांडून ठेवलेल्या माहितीच्या साठ्याला डेटाबेस म्हणतात. जुन्या वाड्यात धान्याची कोठी असे आणि ती सांभाळणारा कोठावळा असे. कोणते पोते कोठे आहे, कोणी किती नेले, उंदीर लागले का, हे सारे त्याला ठाऊक असावे लागे. डेटाबेस सांभाळणाराही असाच माहितीचा कोठावळा असतो.

आजचे बहुतेक मोठे डेटाबेस ज्या पद्धतीने माहिती मांडतात, ती पद्धत एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली आयबीएम कंपनीत काम करताना मांडली. तिचे बाह्य रूप तुमच्या हजेरीपटासारखेच असते. प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एका माणसाची किंवा वस्तूची नोंद आणि प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक गुण: नाव, जन्मतारीख, गाव. कॉड यांना या कामासाठी १९८१ साली ट्युरिंग पारितोषिक मिळाले. तक्ता काढणे सोपे असते. पण तो वर्षानुवर्षे खरा ठेवणे कठीण, आणि कोठावळ्यापुढचे रोजचे प्रश्न तेथूनच सुरू होतात.

एक नाव, तीन शिरूर

पहिला प्रश्न ओळखीचा. आमचे सणसवाडी हे गाव पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, कोरेगाव भीमा आणि शिक्रापूर यांच्या मध्ये आहे. तालुका शिरूर. येथील कारखान्यांत कामासाठी मराठवाड्यातून पुष्कळ कुटुंबे आली आहेत. समजा, अशा एका कुटुंबातील मुलीच्या दाखल्यावर "जन्मस्थळ: शिरूर" एवढेच लिहिले आहे. तर हे शिरूर कोणते? आमचे घोडनदीकाठचे, बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, की लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ? महाराष्ट्रात शिरूर नावाचे तालुके एक नव्हे, तीन आहेत!

लिहिणाऱ्याला त्या दिवशी हे माहीत होते, म्हणून त्याने पुढचे लिहिले नाही. पण नोंद ही लिहिणाऱ्यासाठी नसतेच. वीस वर्षांनी ती वाचणाऱ्या अनोळखी माणसासाठी असते. म्हणून डेटाबेसमध्ये प्रत्येक ओळीला एक ओळखक्रमांक देतात. तो दुसऱ्या कोणाला मिळत नाही आणि सहसा बदलत नाही. संगणकवाले त्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. तुमचा हजेरी क्रमांक वर्गापुरता हेच काम करतो. सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारण्यात आला, तेव्हा गावाच्या नावाबरोबर गावाचा संकेतांकही छापला जाऊ लागला. त्यामागचे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल.

डोळ्याला एक, यंत्राला दोन

दुसरा नेहमीचा प्रश्न असा: "नोंद आहे, पण शोधल्यावर सापडत नाही." याचे कारण पुष्कळदा अगदी क्षुल्लक असते. नावाच्या शेवटी चुकून एक मोकळी जागा टंकली गेलेली असते. ती डोळ्याला दिसत नाही, पण यंत्र तीही एक खूणच धरते. ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ आपल्याला एकच वाटतात, यंत्राला वेगळे.

याहून गमतीची गोष्ट मराठीच्या वाट्याला आली आहे. ‘कऱ्हाड’ हा शब्द पाहा. त्यातील ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येते: त्याच्यासाठी राखून ठेवलेल्या एका संकेताने, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण दोन्हींना एकाच रूपात आणण्याची काळजी घेतली नसेल, तर एका ‘कऱ्हाड’चा शोध घेताना दुसरे ‘कऱ्हाड’ सापडत नाही. मग लिपिक म्हणतो "नोंद नाही", आणि नवी नोंद करतो. आता एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या. पुढे एकीत पत्ता बदलतो, दुसरीत बदलत नाही. आणि खरी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

यातून एक नियम निघतो. "नोंद नाही" आणि "नोंद सापडली नाही" ही दोन वेगळी विधाने आहेत. दुर्बिणीतून तारा दिसला नाही, म्हणून तो आकाशात नाही असे खगोलशास्त्रज्ञ म्हणत नाही. तो आधी काच पुसून पाहतो!

आधी रोजकीर्द, मग खतावणी

आता समजा, तुमच्या खात्यातून भावाच्या खात्यात पाचशे रुपये पाठवले. तुमच्या खात्यातून ते वजा झाले आणि त्याच क्षणी वीज गेली. भावाच्या खात्यात जमा झालेच नाहीत. मग पाचशे रुपये गेले कोठे?

व्यवहार एक तर पुरा व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये. अर्धवट राहू नये. हे साधण्यासाठी डेटाबेस जे करतो ते आपल्या पेढीवरील दिवाणजींना चांगले ठाऊक होते. ते आधी रोजकीर्दीत व्यवहार लिहीत आणि मग खतावणीत प्रत्येकाच्या खात्यावर चढवीत. डेटाबेसही प्रत्येक बदल आधी आपल्या रोजकीर्दीत नोंदवतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. वीज परत आली की तो रोजकीर्द वाचतो. जो व्यवहार पुरा झाल्याची खूण तेथे आहे तो खात्यांवर चढवतो आणि ज्याची खूण नाही तो रद्द करतो. तुमचे पाचशे रुपये तुमच्याच खात्यात राहतात.

दोघांनी एकाच वेळी एकच नोंद बदलायला घेतली तर? मग पहिल्याचे काम होईपर्यंत ती नोंद कुलूपबंद ठेवतात. पण कुलपांमुळे कधी कधी कोंडी होते. प्रयोगशाळेत एका गटाने काटा अडवला आणि दुसऱ्याने वजने; दोघेही म्हणतात, "तुमचे आधी द्या." असे तासभर चालू शकते. डेटाबेस अशी कोंडी ओळखतो, एकाचे काम रद्द करतो आणि दुसऱ्याला वाट देतो. रद्द झालेल्याने पुन्हा प्रयत्न करायचा असतो. तेव्हा पडद्यावर "पुन्हा प्रयत्न करा" असे आले, म्हणजे यंत्र बिघडलेच असे समजू नका. पुष्कळदा त्याने शहाणपणाच केलेला असतो.

खोडरबर नको, एक रेघ हवी

प्रयोगाच्या जर्नलमध्ये चुकलेले वाचन ब्लेडने खरवडून टाकणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. पान कसे अगदी स्वच्छ दिसते! मी त्यांना सांगतो की, चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारा, शेजारी नवा आकडा लिहा आणि सही करा. कारण चुकलेल्या आकड्यातही माहिती असते. तो नेहमी एकाच बाजूला चुकत असेल तर दोष उपकरणात आहे. कधी इकडे कधी तिकडे चुकत असेल तर वाचणाऱ्यात. खरवडलेले पान यातले काहीच सांगत नाही.

आपल्या महसूल खात्याची जुनी रीत याच शहाणपणावर उभी आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमिनीवरील हक्काची नोंद असते आणि बारामध्ये पिकांची. जमीन विकली, वाटणी झाली किंवा वारस लागले, की सातबाऱ्यावर थेट खाडाखोड करीत नाहीत. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत, क्रमांक देऊन नोंद होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. जुने नाव कंसात जाते आणि नव्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक राहतो. २०२०च्या सुधारित नमुन्यात तर कमी झालेल्या नोंदीवर कंसाबरोबर एक आडवी रेघही मारलेली दिसते. नाव रद्द झाले, पण वाचता येते. आणि ते का रद्द झाले हे पाहायला क्रमांक आहे. नमुना सहा ही रोजकीर्द आणि सातबारा ही खतावणी, असे म्हटले तरी चालेल.

राखीव प्रत आहे, पण ती उघडते का?

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या इमारतीला आग लागली. तीत पाच जणांनी प्राण गमावले आणि असंख्य फायली जळाल्या. पुढे इतर कार्यालयांतील प्रतींवरून कितीतरी फायली पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. राखीव प्रत दुसऱ्या जागी का ठेवायची, याचे याहून जळजळीत उदाहरण सापडणार नाही.

पण प्रत घेतली म्हणजे काम संपले असेही नाही. गिटलॅब ही संगणकाच्या आज्ञावली सांभाळून ठेवणारी एक जगप्रसिद्ध कंपनी आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा काम करताना तेथील एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरची समजून मुख्य यंत्रावरचीच माहिती पुसली. घाबरण्याचे कारण नव्हते. प्रती राखण्याच्या एक नव्हे, पाच सोयी होत्या! पाहू गेले तो त्यातली एकही धडपणे उपयोगी पडेना. एका सोयीत नव्या आवृत्तीच्या डेटाबेसवर जुन्या आवृत्तीचे साधन चालवले जात होते, म्हणून ते प्रत न घेताच थांबे. तसे कळवणारी पत्रेही यंत्र पाठवीत होते, पण ती कोणाच्या टपालात पोहोचतच नव्हती. सुदैवाने त्याच माणसाने सहा तासांपूर्वी वेगळ्या कामासाठी हाताने एक प्रत घेतली होती. तिच्यावरून सारे परत उभे केले. मधल्या सहा तासांतील नव्या नोंदी मात्र गेल्या त्या गेल्याच.

या कंपनीने घडलेले सर्व जगापुढे मांडले, म्हणून आपल्याला त्यातून शिकता आले. धडा असा की, जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती प्रत आहे असे धरूच नये. आग विझवण्याचे नळकांडे भिंतीवर टांगलेले असते. ते भरलेले आहे का हे पाहणारा माणूस लागतो.

गावाने केलेली तपासणी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. येथवर सांगितलेल्या साऱ्या युक्त्या वापरल्या, तरी एक दोष यंत्राला कधीच पकडता येत नाही. तो म्हणजे नियमात बसणारी खोटी नोंद. शून्य हेक्टर चाळीस आर क्षेत्राच्या जागी शून्य हेक्टर चौदा आर टंकले गेले, तर यंत्र हरकत घेणार नाही. दोन्ही क्षेत्रे शक्य आहेत. चूक फक्त त्या जमिनीच्या मालकाला आणि त्याच्या शेजाऱ्याला दिसते.

महाराष्ट्रातील सुमारे अडीच कोटी सातबारे हस्तलिखितातून संगणकात उतरवताना अशा चुका होणे अटळ होते. त्यांवर जो उपाय झाला तो मला फार मोलाचा वाटतो. २०१७च्या उन्हाळ्यात राज्यभर ‘चावडी वाचन’ झाले. संगणकावरील सातबारा गावात लोकांसमोर वाचायचा, हस्तलिखिताशी पडताळायचा, हरकती घ्यायच्या आणि दुरुस्त्या रीतसर आदेशाने करायच्या. डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे लोकांना मिळू लागले ते त्यानंतर, १ मे २०१८ पासून. आधी पडताळणी आणि मग सही, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आमच्यासारख्या गावात याचे महत्त्व लवकर कळते. रस्त्यालगतच्या शेतांच्या जागी कारखाने आले, एकेका गटाचे तुकडे झाले, जमिनीचे मोल वाढले. येथे क्षेत्रातील एक अंक चुकला, तर पीककर्ज अडते, भावाभावांत दावे लागतात, आणि कोर्टाची पायरी चढण्यात एखाद्याची उमेद सरून जाते.

शिवाय नोंद एकदा खरी केली म्हणजे कायमची खरी राहते असेही नाही. माणसे वारतात, नोंद मात्र त्यांना जिवंत ठेवते. म्हणूनच २०२५ साली राज्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घ्यावी लागली. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. घड्याळाला जशी किल्ली द्यावी लागते, तशी नोंदींना अधूनमधून तपासणी द्यावी लागते.

मग शाळेत का नको?

तुमच्या शाळेत एक जनरल रजिस्टर असते. तुमचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ हे सारे त्यात पहिलीत प्रवेश घेताना लिहिले गेले. तेच पुढे संगणकात चढले. त्यावरूनच शाळा सोडल्याचा दाखला मिळणार, दहावीचा अर्ज भरला जाणार, आधारवरील नावाशी ते पडताळले जाणार आणि तुमचा ‘अपार’ क्रमांक निघणार. तुमच्यापैकी किती जणांनी ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे? शाळेत असेतो तिच्यातील चूक सुधारणे त्यामानाने सोपे असते. शाळा सोडल्यावर जन्मतारीख बदलून घेणे किती कठीण जाते, ते एखाद्या मोठ्या माणसाला विचारून पाहा.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा, शक्यतो पहिल्या सत्रात, आपल्या नोंदींचे चावडी वाचन करावे. एकाने रजिस्टर वाचायचे, दुसऱ्याने संगणकावरील नोंद पडताळायची आणि ज्याची नोंद त्याने जन्मदाखल्याशी ती जुळवायची. चूक आढळली तर खाडाखोड न करता रीतसर अर्ज द्यायचा. दुरुस्ती कोणी, केव्हा आणि कोणत्या कागदावरून केली, हे दुरुस्तीच्या वहीत लिहून ठेवायचे.

यावर दोन हरकती येतील. पहिली अशी की, शिक्षकांना आधीच कामे पुष्कळ आहेत. ते खरे आहे. पण चुकलेल्या दाखल्यामागे पुढे जे हेलपाटे घालावे लागतात, त्यात शिक्षकांचाही वेळ जातोच. शिवाय पडताळणीचे काम नववीचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली आनंदाने करतील. त्यांच्यासाठी हा एक प्रयोगच आहे. दुसरी हरकत अधिक गंभीर आहे. सर्वांची माहिती सर्वांसमोर वाचणे योग्य आहे का? नाही, मुळीच नाही. जात, उत्पन्न, आजार, आधार क्रमांक या गोष्टी वर्गात उच्चारूही नयेत. नाव आणि त्याचे लेखन तेवढे वर्गात वाचावे. बाकीची नोंद ज्याची त्याला किंवा त्याच्या पालकांना एकट्याला दाखवावी. कोणती माहिती कोणाला दिसावी हे ठरवणे, हेही कोठावळ्याचे एक मोठे कामच आहे. ते शिकण्याची संधीही यातच आहे.

शिक्षक-पालक सभेत ही सूचना तुमच्या पालकांकरवी मांडा. तोवर एक काम आजच करता येईल. घरी जाऊन आपला जन्मदाखला, आधारपत्र आणि शेवटचे गुणपत्रक शेजारी शेजारी ठेवा. नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख तिन्हींत अक्षरन् अक्षर जुळते का ते पाहा. एकाने वाचायचे, दुसऱ्याने पडताळायचे; आजीला किंवा आजोबांना वाचायला बसवलेत तर अधिकच चांगले. फरक आढळला, तर कागदावर त्याची नोंद करा आणि वर्गशिक्षकांना दाखवा. मात्र मूळ कागदावर पेन चालवू नका!